पान्हा आणि लोकलाज

मराठी भाषेंत ‘पान्हा’ हा शब्द ज्या आदरानें उच्चारला जातो, तितक्याच आदरानें पान्हा पाजणाऱ्या बाईकडे आपण पाहतों काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. वासराला पाहून गाय पान्हावली कीं घरांतलीं माणसें कौतुकानें थांबून पाहतात. देवाला ‘माउली’ म्हणतांना आपला कंठ दाटून येतो. परंतु घरांतली सून चारचौघांत मुलाला अंगावर घेऊन बसली कीं कोणी डोळ्यांनीं खूण करतें, कोणी खाकरतें, आणि ती बिचारी मूल उचलून आंतल्या काळोख्या खोलींत जाते. ही लाज तिची नव्हे. ती आपण तिला दिलेली आहे, आणि तिची किंमत मूल चुकवितें, असें आमचें म्हणणें आहे.

ती कशी, तें आधीं पाहूं. आईचें दूध हें घागरींत भरून ठेविलेल्या पाण्यासारखें नसतें. मूल जितक्या वेळां ओढील तितकें नवें दूध तयार होतें, आणि ओढणें कमी झालें कीं तें आटूं लागतें. शिवाय तयार झालेलें दूध बाहेर येण्यास, म्हणजेच पान्हा फुटण्यास, आईच्या शरीरांत ऑक्सिटोसिन नांवाचें द्रव्य सुटावें लागतें. भीति, संकोच व मनस्ताप यांनीं त्यास अडथळा येतो, असें शरीरशास्त्र सांगतें. म्हणून ‘दूध पुरत नाहीं वाटतें’ हें सासूबाईंचें सहज उद्गारलेलें वाक्य सहज राहत नाहीं. त्यानें सून धास्तावते, धास्तीनें पान्हा अडतो, मूल रडतें, मग बाटली येते. बाटलीनें पोट भरलेलें मूल अंगावर कमी ओढतें, आणि दूध खरोखरच कमी होतें! वास्तविक याची कसोटी सोपी आहे. पहिला आठवडा उलटल्यावर मूल दिवसाकांठीं सहा किंवा अधिक वेळां लघवी करीत असेल आणि त्याचें वजन वाढत असेल, तर दूध पुरत आहे असें खुशाल समजावें. नुसतें रडणें ही कसोटी नव्हे. मुलें पुष्कळ कारणांनीं रडतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश थोडक्यांत असा आहे. जन्मल्यापासून एका तासाच्या आंत मुलाला अंगावर घ्यावें. पहिले सहा महिने वैद्यानें सांगितलेल्या औषधाखेरीज दुसरें कांहींही, पाणीसुद्धां, देऊं नये. पुढें वरचें अन्न सुरू करून दोन वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ अंगावर पाजीत राहावें. आपल्या देशांत याचें पालन कितपत होतें? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शंभरांपैकीं सुमारें ८९ बाळंतपणें दवाखान्यांत झालेलीं आढळलीं. परंतु पहिल्या तासांत आईचें दूध मिळालेलीं मुलें शंभरांत ४२ च्या आसपासच होतीं. सहा महिन्यांच्या आंतील मुलांपैकीं निव्वळ आईच्या दुधावर असलेलीं सुमारें ६४ होतीं. २००५-०६ सालीं हा दुसरा आंकडा ४६ होता, तेव्हां सुधारणा आहे यांत शंका नाहीं. तथापि डॉक्टर उशाशीं असतांनाही पहिला तास हुकतो, याचा अर्थ आडवी येते ती केवळ साधनांची उणीव नव्हे. दवाखान्याचे रिवाज आणि घरच्या रूढी याही आडव्या येतात.

या रूढींपैकीं एक तर मोठी चमत्कारिक आहे. गाय व्याली कीं तिच्या चिकाचा खरवस आपण गूळ-वेलदोडा घालून आवडीनें खातों, शेजारीं वाटतों. आईचा चीक मात्र ‘बाळाला सोसणार नाहीं’ म्हणून पिळून टाकण्याची चाल कित्येक घरांत होती, आणि ती अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. हा चीक थोडाथोडकाच येतो आणि तेवढाच पुरतो, कारण बाळाचें पोटही त्या दिवशीं इवलेंसें असतें. रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें त्यांत भरपूर असल्यानें तें बाळाचें पहिलें कवच होय. आमचे कांहीं मित्र येथें सुश्रुताकडे बोट दाखवितात. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशीं येतें, तोंवर मध व तूप चाटवावें, असें त्या ग्रंथांत आहे खरें. परंतु मधांत कधीं कधीं असणाऱ्या एका जंतूमुळें वर्षाच्या आंतील मुलाला क्वचित् जिवावरचें दुखणें जडतें, हें आज माहीत झालें आहे. आणि गुटी उगाळतांना सहाणेवरचें पाणी कितपत स्वच्छ असतें, हा प्रश्न आजीबाईंनीं स्वतःलाच विचारावा. ज्या सुश्रुतानें मृत शरीर पाण्यांत ठेवून, त्याचे थर सोडवून, प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहावें असें शिष्यांस शिकविलें, तो आज असता तर हें नवें ज्ञान मान्य करणारा पहिला वैद्य तोच ठरला असता.

घराबाहेरची अडचण निराळी. रायगडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी, सांजवेळीं बंद झालेले दरवाजे, घरीं भुकेलेलें तान्हें आणि अंधारांत उतरलेला तो कडा, ही कथा आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. हिरकणीच्या धाडसाला मुलें दरवेळीं टाळ्या देत. पण दरवाजा न उघडणारे पहारेकरी कसे होते, असें विचारलें कीं वर्ग गप्प होई. ते दुष्ट नव्हते, नियमानें वागणारे सज्जनच होते. आज एखाद्या स्थानकावर, कचेरींत वा मंगल कार्यालयांत तान्हें रडूं लागलें म्हणजे त्याच्या आईभोवतीं आपण सारे त्याच पहारेकऱ्यांच्या जागीं उभे असतों.

त्याच हिरकणीच्या नांवानें महाराष्ट्रांत एस. टी. स्थानकांवर व सरकारी कचेऱ्यांतून ‘हिरकणी कक्ष’ उघडण्यांत आले आहेत. कल्पना स्तुत्य आहे. परंतु दाराला कुलूप आणि आंत झाडू-बादल्या असतील तर नुसत्या पाटीचा उपयोग काय? २०२५ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयानें सार्वजनिक ठिकाणीं अशा जागा करण्याकडे राज्यांचें लक्ष वेधिलें, आणि चारचौघांत दूध पाजणाऱ्या आईला कोणी हिणवूं नये, याचीही आठवण नागरिकांना दिली. कक्ष हवाच, पण कक्ष आहे म्हणून बाकावर पाजणाऱ्या आईला तिकडे पिटाळणें हें पुन्हां दरवाजा लावण्यासारखेंच आहे.

नोकरी करणाऱ्या आयांची स्थिति याहून बिकट. १९६१ च्या प्रसूति लाभ कायद्यानें मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत दिवसांतून दोन वेळां पाजण्यासाठीं सुटी ठरविली. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांच्या वेळीं २६ आठवड्यांची पगारी रजा, आणि पन्नास किंवा अधिक माणसें कामाला असतील तेथें पाळणाघर, अशी भर पडली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही हीं तत्त्वें कायम राहिलीं. तरी कायदा कागदावरून वेळापत्रकांत उतरविणारीं माणसें लागतात. आमच्या नोकरीच्या काळांत एका शाळेंत बाळंतपणाच्या रजेहून परतलेल्या बाईंनीं मधल्या सुटीला जोडून एक तास मोकळा मागितला. ‘नियमांत बसत नाहीं’ असें उत्तर आलें. पुढें एका सहशिक्षकांनीं आपला तास त्यांच्याशीं बदलून घेतला, आणि घरीं जाऊन मुलाला पाजून येणें त्यांना जमूं लागलें. शाळेचें कांहींएक बिघडलें नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. आजारामुळें वा अन्य कारणानें कांहीं आयांना पाजणें शक्य होत नाहीं. त्यांना दोष देण्यासाठीं कोणीं आमच्या शब्दांचा आधार घेऊं नये. आयुर्वेदानें अशा वेळेसाठीं धात्रीचा विचार केला होता. १९८९ सालीं मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें निघालेली मातृदुग्धपेढी, जी आशियांतील पहिली म्हणून ओळखली जाते, ती त्याच धात्रीधर्माचें आजचें रूप होय. अपुऱ्या दिवसांच्या, अशक्त मुलांना तेथें दुसऱ्या आयांनीं दिलेलें दूध जंतुरहित करून पाजतात.

मग आपल्या घरांनीं करावें काय? एकत्र कुटुंब हें सुनेला ओझें होऊं शकतें, तसेंच तें मोठें बळही होऊं शकतें. सासूबाईंनीं ‘पुरत नाहीं’ म्हणण्याऐवजीं ‘पाज, घाई नाहीं’ म्हणावें. जावा-नणंदांनीं तिची स्वयंपाकाची पाळी उचलावी. नवऱ्यानें रात्रीं मूल उचलून तिच्याजवळ द्यावें आणि पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेंकर काढावी. यांत पुरुषार्थास बाध येत नाहीं. सासऱ्यांनीं ओसरीवरून उठूनही जाऊं नये आणि डोळेही वटारूं नयेत. वर्तमानपत्र वाचीत राहावें. घरांतल्या मुलामुलींनीं हें पाहिलें तर पाहूं द्यावें, म्हणजे पुढल्या पिढीला ही लाज शिकावी लागणार नाहीं.

हिरकणीच्या गौरवार्थ त्या कड्यावर बुरुज बांधला गेला, असें सांगतात. आपल्या घरांतल्या हिरकणीला बुरुज नको आहे. ओसरीवर टेकावयास जागा, हाताशीं पाण्याचा तांब्या, आणि कोणी टक लावून पाहत नाहीं एवढा निर्धास्तपणा तिला मिळाला तरी पुष्कळ झालें.