नाळ उशिरा पडली तर

तान्ह्याची नाळ बहुधा १५ दिवसांत गळते. एखाद्याची थोडी उशिरा पडली तरी घाबरू नये. पण ३ आठवडे उलटूनही नाळ तशीच, बेंबी लाल, जखम चिघळतेय आणि तरी पू धरत नाही, असं दिसलं तर सावध व्हावे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. शिरेच्या भिंतीला चिकटून ते बाहेर पडतात नि जंतूंना मारतात. एका दुर्मिळ जन्मजात दोषात त्यांना चिकटताच येत नाही. मग रक्तात शिपायांची गर्दी, अन् जखमेपाशी कोणी नाही!

म्हणून आधी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. फार वाढलेल्या आढळल्या, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुढची तपासणी करावी. ती परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. भाईंदरहून लोकलने दादरला उतरले, की परळ जवळच.

हा दोष धडधाकट आईबापांकडून, दोघांकडूनही येतो. आईचे पथ्य चुकले असे नव्हे. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका असतो. जंतुनाशक औषधे वेळेवर द्यावीत. दोष तीव्र असल्यास अस्थिमज्जा-रोपण हाच खरा उपाय.

गुरुजी, ज्या घरातलं आधीचं मूल असंच गेलं, त्या घरी हे जरूर सांगा. अंगाऱ्याधुपाऱ्यात दिवस जाऊ देऊ नका.