तीनशे मायक्रोहेन्रीचा हट्ट

घरी मेटल डिटेक्टर बनवणारे सर्किट उत्साहानं जोडतात आणि कॉइलपाशी अडकतात. पल्स इंडक्शन प्रकारच्या आराखड्यांत बहुधा ‘कॉइल 300 मायक्रोहेन्री’ एवढंच लिहिलेलं असतं. मग मीटरवर 287 दिसलं की थोडी तार वाढवायची, 309 दिसलं की सोडायची, असा खेळ सुरू होतो. सिंगापूरच्या मरीन परेडसमोर ईस्ट कोस्ट पार्कचा किनारा आहे. तिथल्या खाऱ्या, ओल्या वाळूत हरवलेली अंगठी शोधायची असेल, तर ही सगळी मेहनत चुकीच्या जागी खर्च होते.

आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे, हा सगळ्यात मोठा गैरसमज. 20 सेंटिमीटर व्यासाच्या, एकत्र बांधलेल्या जुडीच्या कॉइलला 300 मायक्रोहेन्रीसाठी साधारण 25 वेढे लागतात. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सव्विसावा वेढा घातला की आकडा एकदम 324 च्या आसपास जातो. म्हणजे 287 आणि 300 मधलं अंतर जेमतेम अर्ध्या वेढ्याचं. इंडक्टन्स 10 टक्के चुकला, तरी कॉइलच्या समांतर लावायचा डॅम्पिंग रेझिस्टर सुमारे 5 टक्क्यांनीच बदलावा लागतो, कारण तिथे वर्गमूळ येतं. एक छोटा प्रीसेट फिरवला की काम होतं.

व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारितेच्या) प्रकारात गोष्ट थोडी वेगळी. तिथे प्रक्षेपक कॉइल कपॅसिटरबरोबर ठरावीक वारंवारितेला अनुनादात असते. तरीही 10 टक्के फरकानं वारंवारिता 5 टक्केच सरकते, आणि कपॅसिटर बदलून ती परत आणता येते. तिथली खरी कसोटी दोन कॉइल एकमेकींवर किती सरकवून बसवायच्या याची आहे. प्रक्षेपकाचा संकेत ग्राहक कॉइलमध्ये जवळपास शून्य झाला पाहिजे.

मग पल्स इंडक्शनमध्ये खरं महत्त्व कशाला? कॉइल किती लवकर शांत होते याला. या यंत्रात कॉइलमधून क्षणभर वीज सोडून एकदम तोडतात. त्या धक्क्यानं जवळच्या धातूत भोवरी प्रवाह उठतात, आणि ते विरत असतानाचा क्षीण संकेत यंत्र टिपतं. पातळ सोन्याच्या अंगठीतले प्रवाह काही मायक्रोसेकंदांतच संपतात. त्या वेळी कॉइल स्वतःच थरथरत असेल, तर अंगठी जवळ असूनही ती कळणार नाही. ही थरथर वेढ्यांमधला, केबलमधला आणि वीज तोडणाऱ्या मॉसफेटमधला लपलेला कपॅसिटन्स ठरवतो. तो सगळा मिळून 500 पिकोफॅरड असेल, तर 300 मायक्रोहेन्रीच्या कॉइलला 390 ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लागतो. तोच 200 वर आणला तर 600 ओहमपेक्षा थोडा जास्त चालतो आणि कॉइल बरीच लवकर शांत होते. तासभर जास्त खपायचं असेल तर ते इथे खपावं.

म्हणूनच ‘एनॅमल्ड तांब्याचीच तार हवी’ हा आग्रहही बरोबर नाही. एनॅमलचा थर अतिशय पातळ असतो. वेढे एकमेकांना चिकटतात आणि कपॅसिटन्स वाढतो. जाड प्लास्टिक किंवा टेफ्लॉनचं आवरण असलेली तार वेढ्यांमध्ये आपोआप अंतर ठेवते. तार जाड घेतली की इंडक्टन्स वाढतो असंही अनेकजण धरून चालतात. जाडीनं मुख्यतः रोध कमी होतो, इंडक्टन्सवर परिणाम नगण्य. 25 वेढ्यांना सुमारे 16 मीटर तार लागते. ती अर्ध्या मिलिमीटरची असेल तर रोध 1.4 ओहमच्या आसपास येतो, आणि तेवढा पुरे.

शील्डबद्दलचा गैरसमज मात्र काम पूर्ण बिघडवतो. ओली वाळू आणि ओलं गवत यांच्या जवळिकीनं होणारी गडबड टाळण्यासाठी कॉइलभोवती अॅल्युमिनियमची फॉइल किंवा ग्रॅफाइटचा लेप देतात. फॉइल पूर्ण गोल जोडली तर तो एक शॉर्ट झालेला वेढा होतो. इंडक्टन्स पडतो आणि यंत्राला कायम एक धातू समोर असल्यासारखा दिसतो. फॉइलच्या कड्यात एक-दोन सेंटिमीटर फट हवीच, आणि तिची टोकं परस्परांना लागता कामा नयेत. वेढे आणि फॉइल यांच्यामध्ये फोमची पट्टी किंवा प्लास्टिकची सर्पिल नळी घाला, नाहीतर आधी कमी केलेला कपॅसिटन्स इथे पुन्हा वाढेल. शेवटी सगळं एपॉक्सीनं घट्ट बसवा. सैल वेढा धक्क्यानं हलला की खोटा आवाज येतो.

मोठी कॉइल अधिक खोल पाहते, हे मोठ्या वस्तूंसाठी खरं. व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच वेढ्यांचा इंडक्टन्स दुपटीहून जास्त होतो, म्हणून वेढे कमी करावे लागतात. पण मोठ्या कॉइलच्या पसरलेल्या क्षेत्रात छोटी अंगठी हरवते, शिवाय समुद्राच्या पाण्यानं भिजलेल्या वाळूचा मोठा भाग एकदम आवाक्यात येतो. खारं पाणी वीज वाहतं, म्हणून त्यातही भोवरी प्रवाह उठतात. ते लवकर विरतात, तेवढा वेळ थांबून नमुना घेतला तर मीठ गप्प होतं, पण पातळ अंगठीही त्याच वेळेत विरते. हा तिढा कॉइल कितीही चांगली असली तरी सुटत नाही. त्यातल्या त्यात 20 सेंटिमीटरची, लवकर शांत होणारी कॉइल इथे जास्त समंजस निवड आहे, असं माझं मत.

मीटर नसेल तर कॉइल आणि ज्ञात कपॅसिटर जोडून अनुनाद मोजा. 300 मायक्रोहेन्री आणि 10 नॅनोफॅरड असतील तर तो 92 किलोहर्ट्झजवळ येतो. कपॅसिटर 1 टक्का अचूकतेचा फिल्म प्रकारचा घ्या. सिरॅमिक कपॅसिटर 10 टक्के चुकला तर मोजमापही तेवढंच चुकेल. अशा कपॅसिटरसाठी सिंगापूरच्या सिम लिम टॉवरमधल्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करावी.

ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यात ब्रिटिश काळातली नाणी पुरलेली असतील, असंही काहींना वाटतं. पण इथे समुद्रात भर टाकायला 1966 मध्ये सुरुवात झाली, मरीन परेडची वसाहत 1970 च्या दशकात त्याच भरावावर उभी राहिली, आणि जुना किनारा आता वस्तीच्या आत गेला आहे. 1879 चा तांजोंग कटोंग किल्लासुद्धा आज समुद्राकाठी नाही, कटोंग पार्कच्या जमिनीखाली आहे. वाळूत मिळतात ती बहुधा अलीकडची नाणी, बाटल्यांची झाकणं, कधी एखादी अंगठी. 2013 च्या मालिकेतली 10, 20 आणि 50 सेंटची नाणी निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, म्हणून लोखंड वगळणारं यंत्र त्यांना सहज टाळू शकतं. कॉइलची चाचणी त्यांच्यावर घेऊ नका, पातळ अंगठीवर घ्या. आणि फ्लॅटच्या फरशीवर नको, तिच्याखाली काँक्रीटमध्ये सळया असतात. पार्क राष्ट्रीय उद्यान मंडळाकडे आहे, वाळू उकरण्याआधी त्यांचे नियम पाहून घ्यावेत.