ताऱ्यांची अरबी नावे : ऐकीव आणि अस्सल

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत, शाळांतील व्याख्यानांत आणि नियतकालिकांच्या सदरांत एक विधान इतक्या वेळा व इतक्या निःशंकपणे केले जाते की, त्याची एकदा कसून रुजुवात घालणे अगत्याचे झाले आहे. विधान असे की, अल्डेबरान, वेगा, अल्टेअर, डेनेब, रायगेल, फोमलहाउट ही सारी नावे अरबस्तानच्या वाळवंटात रात्री काफिले हाकणाऱ्या बेदुइनांनी ठेवली आणि युरोपीयांनी ती जशीच्या तशी उचलली. या विधानात सत्याचा अंश आहे, आणि तेवढ्या अंशाच्या जामिनकीवर बाकीचे असत्य बिनबोभाट खपून जाते. नाव अरबी भाषेत आहे एवढ्यावरून ते अरबांच्या कल्पनेतून निपजले असे सिद्ध होत नाही. प्रत्येक नावाचे दप्तर स्वतंत्रपणे तपासावे लागते.

उदाहरणादाखल पावसाळा सरताना डोक्यावर येणारा तीन ठळक ताऱ्यांचा त्रिकोण घ्यावा. त्यातला अभिजित म्हणजे वेगा आणि श्रवण म्हणजे अल्टेअर, ही नावे खरोखरच प्राचीन अरबांची आहेत. वेगाच्या लगतचे दोन मंद तारे त्याच्याशी जोडले की पंख मिटून खाली झेपावणारा गरुड दिसतो, म्हणून तो 'अल्-नस्र अल्-वाक़ी'. अल्टेअरच्या दोहों बाजूंचे तारे जवळजवळ एका रेषेत असल्यामुळे तेथे पंख पसरलेला गरुड दिसतो, म्हणून तो 'अल्-नस्र अल्-ताइर'. ग्रीकांनी वेगाच्या जागी वीणा कल्पिली होती. तेव्हा त्या ताऱ्याचा गरुड निःसंशय अरबांचाच. परंतु याच त्रिकोणाचा तिसरा कोन जो डेनेब, त्याची हकीकत निराळी आहे. त्याचे जुने अरबी नाव 'अल्-रिद्फ' असे होते. पुढे चाललेल्या चार स्वारांच्या मागोमाग येणारा, असा त्याचा भाव. आज प्रचलित असलेले 'डेनेब' हे 'धनब अल्-दजाजा', म्हणजे कोंबडीचे शेपूट, या शब्दसमूहाचे तुटलेले टोक आहे, आणि ते शेपूट ग्रीक पक्ष्याचे आहे. एकाच त्रिकोणात दोन नावे अरबांची आणि तिसरे ग्रीकांच्या वर्णनाचा अरबी तर्जुमा, असा हा उघड दाखला डोक्यावर असताना सर्वच नावे वाळवंटातून आली असे म्हणणे हा निव्वळ आळस आहे.

हा तर्जुमा कसा झाला हे नीट समजून घेतले पाहिजे. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात 'अल्माजेस्ट' या ग्रंथात ४८ तारकासमूहांतील हजारावर ताऱ्यांची यादी दिली. पण त्यांतील फारच थोड्या ताऱ्यांना त्याने नावे दिली. बाकीच्यांचे त्याने केवळ ठिकाण सांगितले : शेपटावरचा, खांद्यावरचा, दक्षिणेकडील माशाच्या तोंडातला. बगदादच्या खलिफांच्या आश्रयाने नवव्या शतकात या ग्रंथाची अरबी भाषांतरे झाली, तेव्हा ही वर्णनेही शब्दशः अरबीत उतरली आणि कालांतराने त्यांचीच नावे बनली. 'फोमलहाउट' म्हणजे 'फम अल्-हूत', माशाचे तोंड. 'डेनेबोला' म्हणजे 'धनब अल्-असद', सिंहाचे शेपूट. 'डेनेब कैटोस' या नावात तर 'कैतुस' हा शब्द ग्रीकांचा 'केटोस', म्हणजे सागरी राक्षस, असाच्या असाच राहिला आहे. तो वाळवंटातला म्हणून कोणी दाखवून द्यावा.

या बाबतीत ज्याला शंका असेल त्याने शिराझ येथे बुवैही राजा अदुद अल्-दौला याच्या पदरी असलेल्या अब्द अल्-रहमान अल्-सूफीची साक्ष काढावी. सुमारे ९६४ साली सिद्ध झालेल्या आपल्या स्थिर ताऱ्यांवरील ग्रंथात तो प्रत्येक तारकासमूहाच्या प्रकरणात आधी टॉलेमीचे तारे क्रमवार तपासतो, त्यांच्या तेजाविषयी स्वतःचा अभिप्राय देतो, आणि त्यानंतर त्याच ताऱ्यांना अरब लोक काय म्हणतात ते वेगळे नोंदवितो. ग्रीक परंपरा आणि देशी परंपरा यांची जी सरमिसळ आपण आज बेफिकिरीने करतो, ती त्याने हजार वर्षांपूर्वी कटाक्षाने टाळली होती. अरब ज्योतिर्विदांचा गौरव करावयाचा तर त्यांच्या या काटेकोरपणाचा करावा.

पुढचा प्रवास युरोपातला. वेधयंत्रांवर कोरलेली नावे आणि क्रेमोनाच्या जेरार्डने ११७५ च्या सुमारास टोलेडो येथे पुऱ्या केलेल्या 'अल्माजेस्ट'च्या लॅटिन भाषांतरासारखे ग्रंथ, या वाटांनी ही नावे तिकडे पोहोचली, आणि नकलाकारांच्या हातून त्यांची ओळख पटेनाशी झाली. 'जशीच्या तशी' हे शब्द उच्चारण्यापूर्वी मृगातील काक्षीची, म्हणजे बीटलज्यूसची, कथा ऐकावी. मूळ नाव 'यद अल्-जौज़ा', म्हणजे जौज़ा नावाच्या व्यक्तीचा हात. शब्दारंभी अरबी 'य' आणि 'ब' यांची आकृती एकच. 'य'खाली दोन नुक्ते आणि 'ब'खाली एक, एवढाच काय तो भेद. एक नुक्ता हरवला आणि 'य'चा 'ब' झाला. पुढे युरोपातील पंडितांनी त्या 'ब'चा अर्थ लावण्यासाठी 'बात' असा शब्द कल्पून त्याचा अर्थ 'काख' असा सांगितला, वास्तविक काखेला अरबीत 'इब्त' म्हणतात. रिचर्ड हिंकली ॲलन याच्या १८९९ च्या इंग्रजी ग्रंथाने ही काख घरोघर पोहोचविली, आणि आजही शेकडो पुस्तकांत ती मुक्काम ठोकून आहे. म्यूनिकचे अरबीतज्ज्ञ पाउल कुनिट्झ यांनी मूळ हस्तलिखिते ताडून या नावांचा छडा लावला. युरोपातील अरबी तारानामांवरील त्यांचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. असे प्रमाण उपलब्ध असता ॲलनच्या पुस्तकाचा हवाला देत राहणे अक्षम्य आहे.

आता किरकोळ गैरसमजांचा झटपट निकाल लावू.

सर्व प्रसिद्ध ताऱ्यांची नावे अरबी आहेत : नाहीत. सिरियस, आर्क्ट्युरस, अँटारेस, प्रोसियॉन ही ग्रीक. रेग्युलस, स्पायका, कॅपेला ही लॅटिन.

अल्गोलचे तेज कमीजास्त होते हे ओळखून अरबांनी त्याला 'राक्षस' म्हटले : याला आधार नाही. 'रास अल्-घूल' हा टॉलेमीच्या गॉर्गनच्या मस्तकाचा तर्जुमा आहे. त्या ताऱ्याच्या तेजातील बदलाची नोंद सतराव्या शतकात इटलीत झाली, आणि सुमारे २ दिवस २१ तासांचा त्याचा आवर्तकाल जॉन गुडरिकने १७८३ साली जाहीर केला.

अरबांनी आपली नक्षत्रे भारताकडून उसनी घेतली : चंद्रमार्गाचे २८ भाग पाडण्याची पद्धत बहुधा भारतातून तिकडे गेली, असे अभ्यासकांचे मत आहे, मात्र त्या भागांवर अरबांनी आपली पूर्वापार नावे बसविली. आपल्याकडे मुलींना ठेवले जाणारे 'सुरैया' हे नाव म्हणजे कृत्तिकांचे 'अल्-थुरय्या', मुलांचे 'सुहेल' म्हणजे अगस्त्य, आणि रोहिणीचे 'अल्-दबरान' म्हणजे कृत्तिकांच्या मागून येणारा. ही तिन्ही अस्सल अरबी आहेत.

अरबी वाटते ते अरबीच असते : धनिष्ठेतील सुआलोसिन आणि रोतानेव्ह ही नावे उलटी वाचावीत. पालेर्मो वेधशाळेतील सहायक निकोलो काचातोरे याच्या नावाचे 'निकोलाउस वेनातोर' हे लॅटिन रूप त्यांतून निघते. १८१४ च्या पालेर्मो येथील ताऱ्यांच्या यादीत ती प्रथम छापली गेली.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने २०१६ पासून ताऱ्यांच्या नावांची अधिकृत यादी जाहीर करण्यास आरंभ केला, त्यामुळे नावांचे लेखन निश्चित झाले. त्यांच्या उत्पत्तीची शहानिशा मात्र लिहिणाराने व सांगणारानेच करावयाची आहे. नाव अरबांच्या तोंडचे आहे, टॉलेमीचा तर्जुमा आहे, की युरोपातील नकलाकाराचा वा पंडिताचा प्रमाद आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही नावाचा अर्थ छापू नये. आणि आमच्या आकाशदर्शक मंडळांनी निदान एवढे तरी करावे की, आपल्या माहितीपत्रकांच्या पुढील आवृत्तीत बीटलज्यूसच्या पुढची 'काख' खोडून तेथे 'हात' असे लिहावे.