बाळागोळी आणि बाळाचा मेंदू



‘बाळागोळी’ हा शब्द आता घरातल्या फार वृद्ध मंडळींनाच आठवत असेल. मुंबई-गुजरातेकडे तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठी अफूची ही बारीक गोळी देत असत. आपल्या बडोदे संस्थानात तर कडी प्रांतात अफू पिकत असे. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढेही या प्रथेविषयी साक्षी झाल्या. घुटी निराळी, ती वेखंड-हळकुंडाची. खसखसही त्याच झाडाची, पण अफू असते ती बोंडाच्या चिकात.

मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या आया ही गोळी देत, त्यांना दोष देणे आम्हांस पटत नाही. दिवसभर मूल सांभाळणार कोण?

मेंदूतील दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपते; हेच त्यांचे बोलणे. रसायन टिपण्यासाठी पेशींवर कुलपासारख्या जागा असतात. एंडॉर्फिन हे शरीराचे स्वतःचे वेदनाशामक अशाच काही जागांवर बसते. अफूतील मॉर्फिनही नेमके तिथेच बसते आणि पेशी रसायन कमी सोडू लागते. वेदना थांबते, झोप येते. मात्रा जास्त झाली तर श्वासच मंदावतो.

बाळाच्या मेंदूत हे जोड अजून बनत असतात. ज्या जोडावर बोलणे चालते तो टिकतो, मुका राहिलेला गळून जातो. नेमक्या याच काळात अफू आली तर? उंदरांच्या माद्यांना गरोदरपणी व पिल्ले दूध पीत असताना फेंटानिल दिले गेले. औषध बंद होऊन बरेच दिवस लोटले, पिल्ले वयात आली, तरी पेशींमधील संवाद बदललेलाच आढळला. माणसांच्या मुलांत गरिबी व कुपोषणाचा परिणाम वेगळा काढणे अवघड, म्हणून उंदरांचा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

बाळागोळी गेली, पण खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, तेही अफूच्याच कुळातले. यकृत त्याचे मॉर्फिन करते, आणि काही मुलांत हे फार वेगाने होते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली १२ वर्षांखालील मुलांना कोडीन वर्ज्य ठरवले. मोठ्यांच्या बाटलीतले चमचाभर औषध लहानग्याला देऊ नये, ते यासाठी.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर तान्ह्या बाळालाही मॉर्फिन देतात, पण मोजून आणि श्वासावर लक्ष ठेवून. त्याला पालकांनी घाबरू नये. न शमलेली वेदनाही बाळाला अपायच करते.