दोन मिलिमीटरचा फरक

दुबईत आमच्या भाच्याने जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. १९८९ साली बाजारात आलेली ही दोन माणसांची, मागच्या चाकांवर चालणारी छोटी स्पोर्ट्‌स कार. वळणावर फार कलते म्हणून त्याने पुढचे-मागचे मूळ स्वे बार काढून बाहेरचे जाड बार बसवले. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा पीळ खाऊन गाडीचे कलणे रोखतो.

जाडीचा हिशेब मात्र आमच्या कापडासारखा नाही. भरीव बार २२ ऐवजी २४ मिलिमीटर घेतला, तर ताठपणा सुमारे ४० टक्के वाढतो. २ मिलिमीटर म्हणजे फिटरचे एक सूतही नव्हे!

मागचा बार गरजेपेक्षा ताठ झाला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरून गाडी गरकन फिरते. पुढचा झाला तर गाडी वळायला मागत नाही. यात गिऱ्हाइकाचा जीव आहे. म्हणून बारच्या टोकाकडील भोकापासून सुरुवात करावी, ते नरम; आतले ताठ. एका वेळी एकच बदल.

भाच्याच्या गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर असतानाच लिंक अंदाजाने आवळल्या. एका बाजूने बार ताणलेला राहिला. गाडी डावीकडे एक वागे, उजवीकडे दुसरे. शेवटी दुसऱ्या कारागिराने ती सपाट फरशीवर उतरवली, चालकाच्या जागी माणूस बसवला आणि बोल्ट हाताने सरकेपर्यंत लिंकची लांबी जुळवली. पॉलियुरेथेनच्या बुशांना ग्रीसही लावले, नाहीतर ते करकरतात. या जुळवणीची मजुरी त्याने वेगळी मागितली. भाचा कुरकुरला, आम्ही म्हटले, दे.