वेड्या बाभळीच्या शेंगा आणि गुरांचे पोट

मूळची अमेरिकेतील वेडी बाभूळ इ. स. १८७७ च्या सुमारास भारतात आली व पडीक रानांत माजली. तिच्या परागांमुळे काहींना शिंका व दमा जडतो. म्हणून घराजवळ ती ठेवू नये. गोड शेंगा गुरे आवडीने खातात. पण कठीण बी न पचता शेणावाटे पडून रुजते. झाडाचा प्रसार गुरेच करतात म्हणावयाचे! केवळ शेंगांवर दीर्घकाळ पोसलेल्या गुरांच्या, शेंगांतील विषारी द्रव्यांमुळे, जबडा हलविणाऱ्या मज्जापेशी झिजतात. तोंड वाकडे होते, रवंथ करणे जड जाते व जनावर खंगते. ब्राझीलमध्ये या रोगास 'वाकडे तोंड' असेच नाव आहे. यास्तव शेंगा वाळवून बियांसह बारीक भरडाव्यात. हा भरडा एकूण खुराकाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा. सोबत कडबा अवश्य द्यावा, कारण कोठीपोटातील सूक्ष्मजंतूंचे कार्य वैरणीवरच नीट चालते.