बहिरं वर्गमूळ

नववीच्या बीजगणितात √२, √३ अशी मंडळी भेटतात. मराठीत त्यांना करणी म्हणतात, इंग्रजीत ‘सर्ड’. हा सर्ड आला लॅटिन ‘सुर्डुस’वरून, आणि सुर्डुस म्हणजे बहिरा. पण वर्गमूळ बहिरं कसं?

ग्रीकमध्ये ‘लोगोस’ म्हणजे बोल, आणि गुणोत्तरसुद्धा. १ बाजूच्या चौरसाचा कर्ण √२. तो अपूर्णांकात बसवून बघा. ७/५ धरलं, तर ७ चा वर्ग ४९. हवे होते २५ ची दुप्पट ५०. १७/१२ धरा: २८९ येतात, हवेत २८८. ४१/२९ ला १६८१, हवेत १६८२. दर वेळी एकाची हुलकावणी! आकडे कितीही मोठे घ्या, तोंडमिळवणी व्हायचीच नाही. अशा गुणोत्तराविना राहिलेल्या राशीला ग्रीकांनी ‘आलोगोस’ म्हटलं, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘मुका’.

ग्रीक गणित अरबीत गेलं, तेव्हा मुक्याचा बहिरा झाला. अरबी गणितींनी ‘असम्म’ हा शब्द घेतला. भरीव, निरेट खडकालाही अरबीत असम्मच म्हणतात. मला तर हा बदल मूळ शब्दापेक्षा आवडतो. कितीही हाका मारा, ढिम्म हलत नाही अशी संख्या! बाराव्या शतकात क्रेमोनाच्या गेरार्दोने तोलेदोत बसून अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणले आणि असम्मचा सरळ सुर्डुस केला. १५५१ मध्ये रॉबर्ट रेकॉर्डने तो इंग्रजी गणितात वापरला. बरोबरीचं ‘=’ हे चिन्हही याच गृहस्थाचं.

आपली करणी या वाटेने आलीच नाही. तिचं माहेर शुल्बसूत्रांत, यज्ञवेदी आखणाऱ्यांच्या दोरीत. करणी म्हणजे ‘करणारी’: दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस जिच्यावर उभा राहतो ती द्विकरणी, म्हणजे √२; तिप्पट करणारी ती त्रिकरणी. ती बोलते का, ऐकते का, याची इथे कुणाला फिकीर नव्हती. दोरी किती लांब घ्यायची एवढं कळलं की झालं. बौधायनाने त्यासाठी दिलेली रीत हिशेब करून पाहिली तर ५७७/४०८ येते. १०० मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण हिने काढला, तर चूक पाव मिलिमीटरहूनही कमी. ओढताना दोरीच त्याहून जास्त ताणली जाते.